पेंग्विन बघताना मी हसले, हे चुकलं का?

पत्र थोडक्यात असं आहे. नावगाव, ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात.

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात राहणारी आई. मुलगी 7 वर्षांची, मुलगा 2 वर्षांचा, घरात सासूबाई. पाच आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी मुलाचं अंग गरम लागलं, मोजला तर ताप 101. औषध द्यायचं होतं पण पोरगं नुकतंच झोपलेलं, म्हटलं उठला की देऊ, आणि अर्ध्या तासात झोपेतच त्याला आकडी आली. डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, मग झटके, ओठ निळसर. नवरा ऑफिसातून यायच्या वाटेवर लोकलमध्ये. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. रिक्षात बसेपर्यंत झटके थांबले होते, पण पोरगं निपचित. हॉस्पिटलमध्ये एक रात्र ठेवलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी 'तापामुळे येणारी साधी आकडी, घाबरण्यासारखं काही नाही' म्हणून घरी सोडलं.

नऊ दिवसांनी रविवार होता. मुलीला वाढदिवसाला राणीच्या बागेत न्यायचं आधीपासून कबूल केलेलं. हिचं मन नव्हतं, नवरा म्हणाला जाऊया. गेले. दिवस मस्त गेला, पेंग्विनच्या काचेसमोर पोरगं नाचायला लागलं आणि ही पोट धरून हसली, नवऱ्याने नेमका तोच फोटो काढला, हिने स्टेटसला टाकला. संध्याकाळी नणंदेचा मेसेज आला, "परवा पोरगं ॲडमिट होतं ना गं?" हिने स्टेटस काढलं, मग फोनमधला फोटोही डिलीट केला. मंगळवारी मुलाला सर्दी आणि 100 ताप. आकडीबिकडी काही आली नाही, पण सासूबाई म्हणाल्या, "सांगत होते." त्यांचं म्हणणं, वर्षभर मुलाला कुठे गर्दीत न्यायचं नाही, आम्हीही आमच्या पोराच्या वेळी असंच केलं. नवऱ्याचं म्हणणं, झालं गेलं गंगेला मिळालं, मे महिन्यात गुहागरजवळच्या गावी जायची तिकिटं काढलीत, जायचंच.

तिचे प्रश्न दोन. "पोरगं त्यातून उठल्यावर दहा दिवसांच्या आत मी अशी हसत खिदळत फिरले, मी बेजबाबदार आई आहे का? आणि गावाला जावं का? तिथून मोठं हॉस्पिटल तास-सव्वा तासावर आहे." पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, "मोठी हल्ली रात्री उठून बघते तो श्वास घेतोय का, तिचंही काहीतरी चाललंय."

पत्रात तिने लिहिलंय, ताई मला अगं-तुगंच करा. करते.

*

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला आकडी, कांदा, रिक्षा, नणंदेचा मेसेज एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा ती शेवटची ओळ दिसली आणि मग बाकीचं पत्रच वेगळं दिसायला लागलं. तिकडे येते, पण आधी ताप आणि आकडीचं बोलून घेऊ, कारण तुला जी टोचणी लागलीये तिच्यातली अर्धी चुकीच्या माहितीतून आलीये. मी डॉक्टर नाही, हे सगळं तुझ्या डॉक्टरांशी पडताळून घे, पण जे सगळ्या मुलांचे डॉक्टर सांगतात तेच मी सांगतेय.

तापात येणारी आकडी साधारण 6 महिने ते 5 वर्षं या वयातल्या मुलांना येते, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. म्हणजे तुझ्या मुलीच्या शाळेत एका मजल्यावर जितकी पोरं बसतात ना, त्यात चारपाच तरी अशी असतील ज्यांच्या आयांनी तू बघितलंस तेच बघितलंय, फक्त कोणी बोलत नाही कारण आकडी म्हटलं की लोक फिटचा आजार समजतात आणि मग लपवालपवी. फिट्सचा आजार, म्हणजे एपिलेप्सी, एरवीही शंभरात एखाद्याला होतो आणि साधी तापाची आकडी येऊन गेलेल्या मुलांमध्ये ते प्रमाण त्याच्यापेक्षा किंचितच जास्त असतं. साधी म्हणजे काय तर सगळ्या अंगाला आली, 15 मिनिटांच्या आत थांबली, 24 तासांत परत आली नाही. अशा आकडीने मेंदूला इजा होत नाही, पोरगं पुढे अभ्यासात मागे पडत नाही. बघायला मात्र जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट असते, ते खरंय. बघणाऱ्या आईला वाटतं पोरगं हातातून चाललं, बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटतं.

आता तुझी अर्ध्या तासाची गोष्ट. ती तू पत्रात तीन वेळा लिहिलीयेस, वेगवेगळ्या शब्दांत. "तेव्हाच उठवून औषध दिलं असतं तर." तर बहुधा काही फरक पडला नसता गं. तापाच्या औषधाने ताप उतरतो, पोराला हुशारी वाटते, दोन घोट पाणी पितं, म्हणून द्यायचं. पण औषध वेळेवर दिलं म्हणून आकडी टळते असं काही दिसलेलं नाही, आणि हे माझं मत नाही, डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच तसं लिहिलेलं असतं. कित्येक पोरांना तर आधी आकडी येते आणि मग कळतं की अरे याला ताप होता. तेव्हा तू रात्री दर दोन तासांनी उठून काखेत थर्मामीटर लावतेस ते थांबवायला हरकत नाही. पोराला ताप नसताना तर नक्कीच.

परत येईल का, हे तू विचारलं नाहीस. घाबरून विचारलं नसशील. तर येऊ शकते. साधारण तीनातल्या एका मुलाला परत येते आणि येणार असली तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षभरातच येते. हे मी लपवणार नाही, कारण "काही होणार नाही गं" असं सांगणारी माणसं तुला आजूबाजूला भरपूर आहेत आणि त्याने तुझी झोप परत आलेली नाही. मला वाटतं परत आली तर काय करायचं हे हातापायांना माहीत असेल तर झोप जरा लवकर येईल.

तर ते बघ. पहिलं, घड्याळाकडे बघायचं, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेव्हा दोन मिनिटंसुद्धा अर्ध्या तासासारखी वाटतात. पोराला जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध एका कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. कांदा नाही, चप्पल नाही. (कांद्यावरून सासूबाईंशी भांडू नकोस हं, मी स्वतः तरुणपणी एका लग्नघरात भाच्याच्या दातात चमचा घातलाय आणि त्याचा दुधाचा दात हलवून ठेवलाय, तो आता 30 वर्षांचा घोडा झालाय आणि अजून ऐकवतो.) जमलं तर दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, विचित्र वाटतं पण डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलात. बऱ्याच मुलांच्या डॉक्टरांकडून नाकात मारायचा एक स्प्रे लिहून मिळतो, 5 मिनिटांच्या वर गेली तर वापरायचा. तुझ्या डिस्चार्ज पेपरवर आहे का बघ, नसेल तर विचार, असेल तर कसा मारायचा ते दोघांनी, हो दोघांनी, आणि सासूबाईंनीही, त्यांच्याकडून शिकून घ्या आणि एक्सपायरी बघा. आकडी थांबल्यावर पोरगं पेंगतं, ते चालतं, पण बराच वेळ शुद्धीवरच येत नसेल, मान ताठ वाटत असेल, सारखी उलटी होत असेल, आकडी एकाच बाजूला आली असेल किंवा 24 तासांत परत आली, तर वाट बघायची नाही, निघायचं. आणि ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच झालंय त्यांनी आकडी मिनिटभरात थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचंच, ते तू केलंसच.

अजून एक, तापाच्या सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 वाली असते आणि 250 वाली असते. नावं सारखीच, डबा सारखाच. आईच्या घरी एक, सासरी दुसरी असं झालं की मापात घोळ होतो. पोराच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घे आणि बाटलीवरच पेनाने लिहून टाक.

बास. ही झाली आकडी.

आता राणीच्या बागेकडे. तू विचारतेस मी बेजबाबदार आहे का. मला उलट तुझ्या प्रश्नातलं एक गृहीत खटकतंय. तू असं धरून चाललीयेस की पोराच्या आजारपणानंतर आईने किती दिवस सुतकी चेहरा करून राहायचं याचा काहीतरी कोटा असतो, आणि तो पुरा व्हायच्या आत तू हसलीस. कोणी ठरवला तो? नऊ दिवसांनी हसलं तर चूक आणि एकविसाव्या दिवशी चालतं, असं काही आहे का? पोरगं स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कॉटवर बिस्किट मागत होतं, असं तूच लिहिलंयस. त्याचं आजारपण तिथेच संपलं. तुझं सुरू आहे. आपल्याकडे आईचं आणि पोराचं आजारपण एकच धरतात, म्हणून पोरगं बरं झालं की आईनेही उठून कामाला लागायचं आणि वर हसायचं मात्र नाही, असं दुहेरी मिळतं बायकांना.

आणि दुसरं एक, जे तू लिहिलं नाहीयेस पण मला ओळींमधून वाचता आलं. "मी हसले आणि मंगळवारी ताप आला." तुझ्या मनात कुठेतरी या दोन गोष्टी जोडल्या गेल्यात. दृष्ट लागते म्हणतात ना, स्टेटसला फोटो टाकला म्हणून लागली. मी दृष्ट काढणाऱ्यांची चेष्टा करणार नाही, माझी आई मीठमोहऱ्या ओवाळायची आणि मला बरं वाटायचं. पण तापाचं जरा साधं गणित करू. सर्दीचा व्हायरस अंगात शिरल्यापासून एकदोन दिवसांत, कधी तिसऱ्या दिवशी लक्षणं दिसतात. रविवार ते मंगळवार. म्हणजे हो, तो ताप राणीच्या बागेतून आलेला असू शकतो, मी नाही म्हणणार नाही. तसाच तो मुलीच्या शाळेतून आलेला असू शकतो, नवऱ्याच्या 8:12 च्या लोकलमधून आलेला असू शकतो, किंवा सासूबाईंना भेटायला आलेल्या कुणाच्या खोकल्यातून. या वयाची पोरं वर्षाला सहा-आठ वेळा सर्दीने आजारी पडतातच. ती सगळी दारं बंद करायची तर मुलीची शाळा आणि नवऱ्याची नोकरी पण बंद करावी लागेल. आणि बघ ना, मंगळवारी ताप आला आणि आकडी आली नाही. ही गोष्ट तुमच्या घरात कोणी मोजलीच नाही. सासूबाईंनी ताप मोजला, तू रात्रभर थर्मामीटर मोजलास, पण ताप येऊनही काही झालं नाही हे कोणाच्या हिशोबात नाही.

सासूबाईंवर मात्र तू जरा अन्याय करतेयस असं मला वाटलं. त्यांनी एक वाक्य बोलून ठेवलंय, "आमच्या पोराच्या वेळी." म्हणजे तुझ्या नवऱ्याला लहानपणी आकडी यायची! हे तू एका कंसात लिहून पुढे गेलीस. तापाची आकडी घराण्यात चालते, बापाला, काकाला, आत्याला असते, आणि ही माहिती डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे, सांगितलीस का? तर त्या बाईने चाळीसेक वर्षांपूर्वी हेच बघितलंय, तेव्हा ना गूगल ना फोन, आणि त्यांना कोणी हे समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी वर्षभर पोराला दाराबाहेर काढलं नाही आणि पोरगं वाचलं, मोठं झालं, नोकरीला लागलं. त्यांच्या दृष्टीने उपाय लागू पडलाय, पुरावा रोज संध्याकाळी सव्वासातला घरी येतो. त्यांना चूक ठरवून हा वाद तू जिंकणार नाहीस. त्यापेक्षा एखाद्या दुपारी चहा घेताना विचार, "आई, तेव्हा नेमकं काय झालं होतं? तुम्ही एकट्याच होतात का?" मला खात्री आहे आजवर त्यांना हे कोणी विचारलेलं नाही. ऐक पूर्ण. आणि मग हळूच विचार दुसऱ्यांदा आली तेव्हा पोरगं कुठे होतं. घरातच असेल बहुतेक.

नणंदेचं काय करायचं? काही नाही. तिच्या मेसेजला उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस.

नवऱ्याबद्दल. तुझ्या पत्रात तो थोडासा बेफिकीर दिसतो. झालं गेलं गंगेला मिळालं, चला राणीच्या बागेत, चला गुहागर. पण मला तो लोकलमध्ये दिसत राहिला. खिशात फोन वाजतोय, पलीकडे बायको ओरडतेय, पोराचं काय होतंय कळत नाही, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबलेली, उतरता येत नाही. तुझ्याकडे निदान पोरगं हातात होतं. त्याच्याकडे काय होतं? माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल, की हा माणूस फिरायला जाऊ म्हणतोय ते विसरलाय म्हणून नाही, घरात बसलं की त्याला ती संध्याकाळ आठवते म्हणून. तू घरात कोंडून घेऊन घाबरतेस, तो बाहेर पळून घाबरतो, सासूबाई नियम करून घाबरतात. तुम्ही तिघं एकाच गोष्टीला घाबरलात आणि पाच आठवड्यांत एकदाही एकमेकांना त्या संध्याकाळबद्दल विचारलेलं नाही, नुसती पुढे काय करायचं यावर हुज्जत चाललीये. एका रात्री पोरं झोपल्यावर गॅलरीत बसा आणि त्याला म्हण, "तू गाडीत होतास तेव्हा काय झालं सांग ना." सल्ला देऊ नकोस, तुझं किती वाईट होतं ते लगेच मध्ये आणू नकोस. तुझी पाळी नंतर.

आणि आता मोठी.

7 वर्षांची पोर. त्या संध्याकाळी ती घरात होती ना? तू लिहिलंच नाहीस ती कुठे होती. भावाचे ओठ निळे झालेले तिने बघितले, आजी कांदा घेऊन धावली, आई किंचाळली, मग सगळे रिक्षात बसून गेले आणि ती कोणाकडे राहिली? शेजारी? रात्री कोणी तिला सांगितलं का, की तो बरा आहे? तुझ्या पत्रात ती फक्त दोन जागी आहे, एकदा वाढदिवसाचं कबूल केलं होतं म्हणून आणि एकदा रात्री उठून श्वास बघते म्हणून. अगं, ती तुझंच बघून करतेय. घरात रात्री दोन तासांनी कोणीतरी उठून पोराला तपासतं, म्हणजे तपासायला हवं असतं, नाही तपासलं तर काहीतरी होतं, असा तिने सरळ अर्थ लावलाय आणि त्यात आपलाही वाटा उचललाय. शहाणी आहे पोर. पण 7 वर्षांच्या मुलीने रात्रपाळी करायची नसते.

म्हणून मला वाटतं राणीच्या बागेत गेलात हे बरोबरच केलंत, आणि ते मुलापेक्षाही तिच्यासाठी. तिला तुम्ही शब्द दिला होता आणि घरात एवढं होऊनही तो पाळलात. तिच्या बाजूने विचार कर, सगळं घर भावाभोवती फिरतंय आणि एक रविवार असा आला की आईबाबा तिचे होते, आणि आई हसली. मुलं आईच्या चेहऱ्यावरून ठरवतात घरात सगळं ठीक आहे की नाही. तिने तुला पेंग्विनसमोर हसताना बघितलं असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांच्या 'घाबरू नका' पेक्षा ते मोठं होतं. आणि मग त्याच संध्याकाळी तू फोटो डिलीट करताना तिने बघितलं असेल तर तेही तिने कुठेतरी लिहून ठेवलंय.

तिला सांग. खोटं नाही, "काही झालंच नव्हतं" असलं नाही. सांग की बाळाला ताप आला की त्याचा मेंदू थोडा वेळ गडबडतो, हातपाय हलतात, मग आपोआप थांबतं, तो मरणार नव्हता आणि तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. (पोरांना वाटतं बरं असं, मी त्याच्याशी भांडले होते म्हणून झालं.) परत झालं तर तिला एक छोटं काम दे, घड्याळात बघायचं आणि किती वाजले ते मोठ्याने सांगायचं, किंवा शेजारच्या काकूंना हाक मारायची. बास तेवढंच. आणि रात्री बघणं आईबाबांचं काम, तुझी ड्युटी संपली असं स्पष्ट सांगायचं. पण ते सांगण्याआधी तुझी थर्मामीटरची फेरी बंद व्हायला हवी, नाहीतर ती कशाला ऐकेल.

झोपताना काहीतरी दुसरं द्यायचं असेल डोक्याला, तर तू लिहिलंयस की तिला पेंग्विनपेक्षा तो दगडी हत्ती आवडला. त्याची गोष्ट सांग तिला. तो मूळचा घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. 1864 मध्ये इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचा बेत केला, क्रेनने उचलताना क्रेनच मोडली आणि हत्ती पडून तुकडे झाले, मग ते तुकडे इथेच राहिले आणि बऱ्याच वर्षांनी, 1914 मध्ये, जोडून त्याला तिथे उभा केला. पुढच्या वेळी गेलात की सांधे शोधा म्हणावं. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं, मी एकदा ठाण्याहून दोन पोरं घेऊन भायखळ्याला उतरले आणि गेटवर कुलूप बघून आलेय, परत येईपर्यंत दोघांनी माझा जीव खाल्ला.)

गुहागर. जावं की नाही?

तीन पर्याय दिसतात मला. एक, जायचं नाही, सासूबाईंचं ऐकायचं. याने या मे महिन्यात तुला शांत वाटेल, पण मग गणपतीत हाच प्रश्न, दिवाळीत हाच, आणि पोरगं 5 वर्षांचं होईपर्यंत असंच. मुलीचं तर काय सांगावं. दुसरा, नवरा म्हणतो तसं काही झालंच नाही असं धरून बॅगा भरायच्या. यात तू तिथे आठ दिवस समुद्राकडे न बघता पोराच्या कपाळाला हात लावत बसशील, ते मला नको वाटतं. तिसरा, जायचं पण तयारीने, आणि माझं मत याच्या बाजूने आहे, तुझ्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर.

जायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना एकदा दाखवून ये, पाच मिनिटांचं काम नसतं म्हणून प्रश्न कागदावर लिहून ने: स्प्रे हवा का, तापाच्या दिवसांत द्यायचं वेगळं औषध याला हवंय की नकोय, हिमोग्लोबिन बघायचं का (रक्तात लोह कमी असण्याचा आणि या आकडीचा संबंध दिसतो म्हणतात), लस राहिली असेल तर कधी. लस टाळू नकोस हं या भीतीने. डिस्चार्ज पेपरचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. गावाला पोचल्यावर पहिल्याच दिवशी नवऱ्याला हे काम दे, जवळचं सरकारी दवाखाना कुठे, रात्री कोण असतं, गावात कुणाची गाडी रात्रीची मिळेल, चिपळुणातले मुलांचे डॉक्टर कोण, त्यांचा नंबर. तास-सव्वा तास हे ऐकायला लांब वाटतं, पण 5 मिनिटांनंतर द्यायचं औषध तुझ्या पर्समध्ये असेल तर तो प्रवास वेगळा असतो. आणि खरं सांगू, तुझ्या उपनगरातून संध्याकाळी सहाला हॉस्पिटल गाठायला किती वेळ लागला होता ते आठव.

जायच्या दिवशी सकाळी ताप असेल तर तिकिटं रद्द, त्यावर चर्चा नाही, हे आत्ताच दोघांनी ठरवून ठेवा म्हणजे त्या दिवशी भांडण नको. आणि सगळं ठीक असेल तर निघायचं, "उगाच मनात आलं" म्हणून थांबायचं नाही, हेही आत्ताच ठरवा. दुपारी 11 ते 4 उन्हात नको, ते तसंही कोणत्याच पोराला नको, पाणी, कोकम सरबत चालू ठेवा. उन्हात खेळून अंग जरा गरम लागतं तो ताप नव्हे, सावलीत आणून पंधरावीस मिनिटांनी मोज. समुद्रात पाय बुडवायला काही हरकत नाही. सासूबाईंना बरोबर न्या. त्यांचा नियम मोडताय तर निदान मोडताना त्या तिथे असू देत, आणि मला तर वाटतं नातू वाळूत लोळताना बघून पहिल्या त्याच विरघळतील.

शेवटी तुझं. पाच आठवडे झाले, तू लिहितेस की डोळे मिटले की निळे ओठ दिसतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं, पोरगं दुपारी जास्त वेळ झोपलं तर मुद्दाम हलवून उठवतेस. याला हळवेपणा म्हणू नकोस. असं महिन्याच्या वर चालू राहिलं तर मनाच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायला हवं, जसं पोराला बालरोगतज्ज्ञाकडे नेलंस तसंच. बाहेर जायला वेळ नसेल, पैशाचा प्रश्न असेल किंवा घरात कळायला नको असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पोरं झोपली की गॅलरीत जाऊन लाव. चारपाच मिनिटं नुसतं रडलीस तरी चालेल त्यांना.

आणि तो फोटो. तू डिलीट केलास, पण काढला नवऱ्याने होता ना, त्याच्या फोनमध्ये असेल अजून. मागून घे आणि मोठीला प्रिंट काढून दे, तिच्या कपाटाच्या दारावर लावू दे तिला.

— ताई